पासो म्हणजे पाच फूट

मंगळ., २ जुलै १९३५. बारामती.
शाळेच्या कामाला आलो. संध्या. एका पेन्शनर गृहस्थांकडे जाड स्पॅनिश कोश दिसला, ऐटीत उघडला. पासो: अंतराचं माप, पाच फूट. मी गेल्या पावसाळ्यात कासमभाईला छातीठोक सांगितलं, पासो म्हणजे एक पाऊल. माझ्या फाटक्या कोशात ते पानच नव्हतं, आणि 'ठाऊक नाही' म्हणायला जीभ रेटेना. शी!

बुध., ३ जुलै. इंदापूर.
कासमभाई बागवानाचा सणसरला मळा. त्याचा मेहुणा बोटीवर खलाशी, त्यानं स्पेनहून संत्र्याच्या लागवडीचं चोपडं आणलेलं. त्यात, 'झाडाझाडांत चार पासो.' मी धोतर खोचून अख्खं रान चालून दाखवलं. दर चार पावलांवर कासमभाई मागून खुंटी ठोकतोय. त्याचे वडील, चाचा, बांधावरनं म्हणाले, "मास्तर, लई दाट व्हतंय." मी म्हणालो, "चाचा, पुस्तक स्पेनचं आहे, सणसरचं नव्हे." सगळे हसले. काय हलकट वाक्य. वीस फुटांच्या जागी दहा फूट, आणि दीडशे झाडं.

शुक्र., ५ जुलै.
झाडं वर्षाची. हलवायची तर याच पावसात, पुढं मुळं धरून बसतील. म्हणजे सांगायलाच हवं.
मोटारतळावर कासमभाई भेटला. चारचौघांत म्हणाला, "ह्ये आमचं मास्तर. इस्पॅनिश येतं त्यास्नी." मी मान डोलावली. डोलावली! किळस येते स्वतःची.

रवि., ७ जुलै. सणसर.
सांगितलं एकदाचं. चाचा म्हणाले, "उपटून पल्याडच्या रानात लावली तर निम्मी मरत्याल. न्हाय उपटली तर समदी एकमेकाच्या उरावर." 'मी म्हणलं व्हतं' असं एका शब्दानं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग कासमभाईनं घरातून दोरी आणली, माझ्याच हातात दिली. "उद्या सकाळी पल्याडच्या रानात नवी खुंटी मारू. मोजा तुमीच मास्तर, आवंदा बराबर मोजा."
आणि मला बरं वाटलं. एवढं होऊनही बरं वाटलं! थू.
स्पेनचा फूट आपल्या फुटाएवढाच असतो का, हे कोशात पाहायचं राहिलंच. दोरी हातात घेतल्यावर आठवलं. बोललो मात्र नाही.