शेठ बाहेर गेलेत

आई, हे मी आपणहून लिहीत नाही. ऑफिसात आज ताणतणावावर एक सत्र आहे आणि त्यात सगळ्यांना पत्र लिहायला बसवलं आहे. कामाच्या आयुष्यात ज्या व्यक्तीने तुम्हाला टिकून राहायला शिकवलं, तिचे आभार माना. सांगणारा तरुण तिशीचा असेल. अंगात खादीचा कुर्ता, पायात पळायचे बूट. आधी त्याने आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं. माझ्या शेजारी हिशेब विभागातले गृहस्थ बसले आहेत, निवृत्तीला आलेले. ते डोळे न उघडता म्हणाले, "इतकी वर्षं काय घेत होतो आपण?" मग त्या तरुणाने विचारलं की तुमच्या घरात ताण सगळ्यात छान कोण हाताळायचं. मी बोलले. माझी आई मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे कामाला होती आणि संध्याकाळी घरी परतली की जिना चढण्याआधी खालच्या नळावर तोंड धुवायची, बाहेरचं काही घरात आणायची नाही, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "वॉव. आपल्या आयांना हे कुठल्याही कोर्सशिवाय जमत होतं बघा." त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात सूर्यफूल छापलेला, आभारासाठी दिलेला कागद समोर आहे. त्यावर हे लिहिते आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांना मी अर्धंच सांगितलं. विश्रांतवाडीच्या त्या इमारतीच्या गॅलरीतून मी तुला रोज बघायची. तोंड धुऊन झालं, नळ बंद केला, तरी तू दोन्ही हातांनी तोटी धरून उभी असायचीस. खालच्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन आल्या की बाजूला व्हायचीस आणि त्यांच्याशी हसून बोलायचीस. वर आलीस की मी विचारायची, काय झालं. काही नाही गं, तू म्हणायचीस, आणि कणीक घ्यायचीस. ती तू मळायची नाहीस, तिंबायचीस. परातीसकट ओटा हलायचा. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, तुमच्या पोळ्या किती मऊ. बाबा खडकीच्या कारखान्यातून येऊन त्या मऊ पोळ्या खायचे, बातम्या ऐकायचे आणि झोपायचे. झोपेत तू दात खायचीस. आमची एकच खोली, त्यामुळे तो आवाज मला पाठ आहे. बाबा कूस बदलायचे. सकाळी कोणी त्याबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं असतं तर तू काय म्हणाली असतीस तेही मला पाठ आहे.

तुझं काम काय होतं, हे मला बाराव्या वर्षी कळलं. तोवर वाटायचं की तू ऑफिसात आहेस. मे महिन्याच्या सुट्टीत तू मला सोबत नेलंस. बटाट्यांच्या गोण्यांनी भरलेला गाळा, पुढे शेठची गादी, आणि कडेला एक टेबल, त्यावर फोन. त्या टेबलाशी तू. शेठ कोकणातल्या दुकानदारांना माल पाठवायचे. गोणीत वरचा थर चांगला असायचा आणि खाली कोंब फुटलेले, सडके. गोणी उघडली की दुकानदार फोन करायचे आणि तो फोन तू उचलायचीस. तू म्हणायचीस, "शेठ बाहेर गेलेत. आपण रागावू नका. आले की आपल्याला फोन करायला सांगते." शेठ चार हातांवर बसून सुपारी कातरत असायचे. समोरचा काय बोलतो आहे ते मला ऐकू यायचं नाही, पण तुझे कान लाल झालेले दिसायचे. तू पुन्हा म्हणायचीस, आपण रागावू नका. तुझा ळ आणि तुझा ण इतका स्वच्छ, की एवढ्या सभ्य बाईला शिव्या देताना माणूस मध्येच थकायचा. शेठनी तुला त्यासाठीच ठेवलं होतं. ते हमालांना अभिमानाने सांगायचे, "आमच्या बाईंशी भांडून दाखवा कोणी."

त्या दिवशी दुपारी तू जागेवर नव्हतीस. गाळ्यांच्या त्या ओळीत बायकांची सोय नव्हती, तू पलीकडच्या बँकेत जायचीस. फोन वाजतो आणि मी उचलते. रत्नागिरीहून एक माणूस विचारतो, शेठ आहेत का. मी म्हणते, "हो, आहेत ना. जेवतायत." आणि रिसीव्हर शेठसमोर धरते. शेठच्या तोंडात घास आहे. तो त्यांना गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही. त्यांना ऐकावं लागतं. माझ्या देखत त्यांना ते सगळं पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं, आणि आई, मला फार आनंद झाला. तू परत आलीस तेव्हा शेठ रिसीव्हर ठेवत होते. ते म्हणाले, "बाई, मुलगी हुशार आहे तुमची. घरी ठेवत जा." आणि तू हसलीस. माफी मागितलीस, त्यांनाही आपण म्हणालीस, आणि हसलीस. परतताना बसस्टॉपवर मला वाटलं की तू मारशील. मारलं नाहीस. रस्त्याकडे बघत म्हणालीस, "खरं बोलायची एवढी घाई कशाला झाली होती तुला? शेठ आहेत की नाहीत, हे शेठ ठरवतात." उरलेली सुट्टी मी घरीच काढली.

तुला पर्याय नव्हता, हे मला माहीत आहे. सगळे तेच सांगतात आणि ते खरंही आहे. बाबांचा कारखाना सहा-सहा महिने बंद असायचा आणि तुझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. तू फोनवर काय बोललीस याचा हिशोब मी मागत नाही. पण माझं तोंड बंद करायलाच हवं होतं, असं काही नव्हतं. घरी येऊन एकदा तरी म्हणायचं होतंस की शेठ हलकट आहे आणि तू फोन दिलास ते बरं केलंस. दार लावून, हळू आवाजात, फक्त मला. तेवढ्याने तुझी नोकरी गेली नसती. तू म्हणाली नाहीस. उलट मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू हातरुमालांचा डबा आणलास, आत पांढरेशुभ्र, घडी घातलेले रुमाल. म्हणालीस, एक कायम पर्समध्ये ठेव, नळ सगळीकडे असतो. मी तुझ्या पाया पडले. माझ्या मैत्रिणींना कोणाला घड्याळ मिळालं होतं, कोणाला साडी. मला रडून झाल्यावर तोंड पुसायची सोय मिळाली होती, आणि ती प्रेमाने दिलेली होती. म्हणून आणखी राग येतो.

तू गेलीस तेव्हा डॉक्टरांनी बाबांना विचारलं होतं, आधी काही त्रास होता का. डोकं दुखणं, झोप न लागणं, चिडचिड. बाबा म्हणाले, "नाही हो. कधी काही नाही." ते खोटं बोलत नव्हते. तेराव्याला शेठ आले होते. खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, बाईंनी इतक्या वर्षांत एकदा आवाज चढवला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला चहा होता आणि मी तो त्यांना दिला.

आता मी काय करते ते सांगते. आमची कंपनी रुग्णालयांना बिलांचं सॉफ्टवेअर बनवून देते. खराडीला काचेची इमारत आहे, गार हवा, बायकांसाठी प्रत्येक मजल्यावर उत्तम सोय. आमचे साहेब गिऱ्हाइकांना तारखा देतात. त्या तारखेला काही तयार नसतं आणि ते साहेबांना माहीत असतं. मग रुग्णालयांतून फोन येतात. फोन उचलणाऱ्या विभागाची मी प्रमुख आहे. साहेब काचेच्या खोलीत असतात, आम्हाला दिसतात. आम्ही म्हणतो, सर मीटिंगमध्ये आहेत. माझ्या बढतीच्या वेळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडमचा टोन बघा. कितीही चिडलेला क्लायंट असू दे, मॅडम त्याला गार करतात." त्या दिवशी मी पेढे वाटले.

दिवाळीनंतर माझ्याकडे अकोल्याकडची एक मुलगी आली. चुणचुणीत, पुण्यात एकटी, चार मुलींत मिळून खोली. साहेबांनी एका मोठ्या रुग्णालयाला दिलेली तारीख टळली, पुन्हा दिली, पुन्हा टळली, आणि ते फोन मी तिच्याकडे दिले. तिथला एक अधिकारी रोज ओरडायचा. ती म्हणायची, सर मीटिंगमध्ये आहेत. एरवी ती आमच्यासारखीच अर्धं इंग्रजी बोलते. मागच्या महिन्यात एका दुपारी तिने कानावरचा हेडसेट काढला, माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मले काही ऐकूच नाही येऊन राह्यलं." मी तिला पँट्रीत नेलं, पाणी दिलं, आणि माझ्या तोंडून तुझा आवाज आला. हुबेहूब, ळ आणि णसकट. "काही नाही गं. तोंड धुऊन ये, बरं वाटेल." ती गेली. तोंड धुऊन आली. हेडसेट चढवला आणि पुढचा फोन घेतला. तोडगा चालला, आई. तो नेहमीच चालतो, हेच त्यातलं वाईट आहे. पुढच्या आठवड्यात ती यायची बंद झाली. तिच्या खोलीतल्या मुलीने कळवलं की ती पांघरूण घेऊन पडून असते, फोन वाजला की दचकते. काल साहेबांनी मला बोलावलं. ते म्हणाले, तिला प्रेशर झेपत नाही, उद्या चारच्या मीटिंगमध्ये तुम्ही तसं सांगा, म्हणजे तिला मोकळं करता येईल. दुसरीकडे लागेल तिला, चांगली मुलगी आहे. मी बरं म्हणाले.

हे सगळं लिहीत असताना तो तरुण कागद गोळा करत आला. मी म्हणाले, माझं झालं नाही. तो म्हणाला, टेक युवर टाइम मॅडम, इमोशनल असतं हे. मी कागद पर्समध्ये टाकला.

आता साडेपाच वाजले आहेत आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पुढचं लिहिते आहे. चारला मीटिंग झाली. साहेब, मनुष्यबळ विभागातल्या एक बाई, त्या मुलीचा शेवटचा पगार काढायला हिशेबातले ते गृहस्थ, आणि मी. साहेबांनी तिचा विषय काढला, हळहळले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम सांगतील. मी वाक्यं पाठ करून गेले होते. ती आली नाहीत. मी म्हणाले, "तारीख तुम्ही दिली होतीत. काम तयार नाही हे तुम्हाला माहीत होतं. ती मुलगी दिवाळीपासून तुमच्या वाटच्या शिव्या खाते आहे, आणि तिला तिथे मी बसवलं. तिला काढायचं असेल तर कारण नीट लिहा." माझा आवाज चढला होता. चांगलाच चढला होता. काचेपलीकडे माणसं वळून बघत होती. साहेबांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे इथे बोलायची गरज होती का?" मी म्हणाले, "होती." मनुष्यबळाच्या बाई लॅपटॉपकडे बघत होत्या. हिशेबातले गृहस्थ म्हणाले, "मी पण इथेच बसलोय. ऐकलं मी. लिहून घ्या." बाईंनी काहीतरी टाइप केलं.

तिला तूर्त काढणार नाहीत. बाई म्हणाल्या, पगारी रजा देऊ, मग बघू. मला साहेबांनी सोमवारी वेगळं भेटायला सांगितलं आहे. त्याचा अर्थ मला कळतो. घराचे हप्ते आहेत, लेकीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, आणि माझ्या वयाच्या बाईला या शहरात दुसरीकडे कोण घेतं तेही मला ठाऊक आहे. मोकळं वाटतं आहे असं मी लिहिणार नाही. अकोल्याच्या त्या मुलीला आत्ता फोन केला होता. तिने उचलला नाही. का उचलेल?

तुला यातलं काही आवडलं नसतं. सोमवारी जाऊन साहेबांची माफी माग, म्हणाली असतीस, आणि काय बोलायचं तेही सांगितलं असतंस. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण मीटिंग संपवून खाली येताना, लिफ्टमध्ये, सगळ्यात आधी वाटलं की हे घरी जाऊन आईला सांगावं.