बस बिघडली आहे

ताई,

हॉलमधल्या खुर्च्या हलवू नकोस, ती बस आहे. सुट्टीत मुलांना काहीतरी गमतीत गुंतव म्हणालीस, म्हणून सकाळी काढली. मी ड्रायव्हर, थोरला कंडक्टर, धाकटी प्रवासी. दिवाणावरचा लोड गरोदर बाई झालाय, त्याला राखीव जागा दिली.

स्वयंपाकघर झालं, गॅलरी झाली. मग धाकटी म्हणाली, "मामा, आता बाबांचं नवीन घर."

थोरला म्हणाला, "तिकडे वेगळी बस जाते."

मग दोघंही माझ्याकडे बघत बसले. भाऊजी कायमचे गेलेत की तुमचं भांडण मिटेपर्यंत, हे मलाच कळलेलं नाही. तुला विचारलं तर तू म्हणतेस त्यांना विचार, ते म्हणतात ताईला विचार. शेवटी इंजिन बिघडलं असं जाहीर केलं. सध्या आम्ही समोरच्या बागेत मेकॅनिक शोधतोय.

ऑफिसातून आलीस की थेट तिकडेच ये आणि काय ते मुलांना तूच सांग. मेकॅनिक मिळाला नाही तर धाकटी चालत निघणार आहे. मला वाटलं चेष्टा करतेय, पण तिने भाऊजींचा इथे राहिलेला चष्मा सोबत घेतलाय. म्हणते, त्यांना तिकडे नीट दिसत नसेल.