उणे एकतीसची लाइन

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.४०
मोडेमवर पुन्हा लाल दिवा. कालपासून अकरावी वेळ. वीट आला आहे.
तेजूची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, नर्सच्या नोकरीसाठी मुलाखत २ मे रोजी सकाळी अकरा वाजता आहे. पुण्याचे हॉस्पिटलवाले व्हिडिओवरून घेणार. हुकली तर पुन्हा वेळ मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं आहे. वाडीत मोबाइलला रेंज नाही. म्हणजे सगळं या इंटरनेटच्या लाइनवर.
आई म्हणाली, "जुन्नरला सोनलकडं जाऊन देऊ दे की. तिच्याकडं चांगलं चालतंय." सोनल आमची मामेबहीण. मी म्हणालो, घरात मी असताना पोरीने दुसऱ्याच्या दारात का बसायचं? जबाबदारी घेतली आहे. तेरा दिवस आहेत. पुरेसे आहेत.

२० एप्रिल, रविवार
पाहणी केली. मढच्या रस्त्यावरच्या पेटीपासून आमच्या घरापर्यंत लाइन ३,१४६ पावलं. वाटेत सात जोड. इतक्या लांब येईपर्यंत सिग्नल दमतो, हे उघड आहे. पण जोडांची अवस्था! तिसरा जोड फरसाणाच्या पिशवीत बांधलेला. पिशवीत तेल, तेलात मुंग्या. पाचव्यावर कोणीतरी गुटखा थुंकलेला. या घाणीतून आलेला सिग्नल आपण घरात घेतो. आल्यावर दोनदा हात धुतले.
तेजू म्हणाली, "दादा, तुला जमंल तेवढंच कर." तिचा विश्वास बसलेला दिसतो.

२२ एप्रिल, मंगळवार
लाइनमन पप्पू चार दिवसांनी उगवला. नखांत ग्रीस. तक्रारीच्या कागदावर "तकरार" लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं. त्याने सिग्नल मोजायचं मीटर लावलं. उणे ३१. उणे पंचवीसपर्यंत ठीक, आकडा त्याच्या पलीकडे गेला की लाल दिवा, असा हिशोब आहे.
मग त्याची नजर भिंतीकडे गेली. वीस मीटर जादा वायर होती. तिच्या मी एकसारख्या घड्या घालून, दाबून, दर चार बोटांवर प्लॅस्टिकची पट्टी आवळली होती. पप्पू म्हणाला, "आरं भाऊ, हे कुणी केलं? आत काच हाय, काच. अशी मुडपली की उजेड भायेर सांडतो." आणि सगळ्या पट्ट्या कापल्या. पुन्हा मीटर लावलं तर उणे २७.
म्हणजे चार माझ्या घड्यांत होते, असं त्याचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. त्याच वेळी मागून सिग्नल वाढला असणार. योगायोग. वायरीचं ते मोठं वेटोळं आता भिंतीवर वाळत घातलेल्या आतड्यासारखं दिसतं. जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

२४ एप्रिल, गुरुवार
खरं कारण सापडलं. शेजारच्या लंकाकाकू.
लाइन त्यांच्या हिरड्याच्या चार झाडांवरून येते. सध्या हिरड्याचा हंगाम. काकू सत्तरीच्या, पण झाडावर चढून काठीने फांद्या झोडतात. फांदी हलली की वायर हलते, वायर हलली की लाल दिवा. ठळक अक्षरांत पाटी करून लावली: "येथून लाइन गेलेली आहे. कृपया झाड हलवू नये."
काकू वरूनच म्हणाल्या, "न झोडता हिरडा काय चिठ्ठी धाडून बोलवू का रं? तुजी वायर माज्या झाडाव आलीया. माजं झाड तुज्या वायरीकडं न्हाई गेलं."
दुपारी त्याच पाटीवर त्यांनी हिरडे वाळत घातले होते. अडाणीपणाला सीमा नाही.

२६ एप्रिल, शनिवार
ठोस निर्णय. चारही झाडांवरची लाइन खाली उतरवली आणि आमच्या शेताकडून घेतली. सकाळभर घामाने चिकचिक. शेतात आबांनी, म्हणजे वडिलांनी, भाताच्या रोपांसाठी राब रचून ठेवला आहे. खाली शेण, त्यावर फांद्या आणि पालापाचोळा, वरून माती. वायर काठीने त्याच्या खालून सरकवली. शेणात कोपरापर्यंत हात गेला. ते वर्णन लिहीत नाही.
पण काम असं झालं आहे की वारा नाही, माकड नाही, लंकाकाकू नाही. वायरीवर जणू गोधडी. आबांना सांगितलं नाही. त्यांना तांत्रिक गोष्टींत रस नसतो.

२८ एप्रिल, सोमवार
हिरवा दिवा. सलग ४१ तास. दर तासाला नोंद आहे.
आबा म्हणाले, "दिव्याफुडं बसूनच राह्यलाय तर वात तरी लाव, हात जोड." दुर्लक्ष केलं. तेजूला सरावासाठी बारा प्रश्न विचारले. तिने भाकऱ्या थापता थापता सगळ्यांची उत्तरं दिली. चेहऱ्यावर अजिबात ताण नव्हता. लाइन चांगली असली की माणसाला असा आत्मविश्वास येतो.

२९ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ
आबांची पाठ धरली आहे. म्हणाले, "वारा पडलाय, राब पेटव." मी पेटवला. एका टोकाने सुरुवात करून शास्त्रशुद्ध. धुराचा वास केसांत बसला, दोनदा डोकं धुऊनही जात नाही. पण राब एकसारखा भाजला, एक कोपरा कच्चा राहिला नाही. आबा म्हणाले, "लई दिसांनी काम नीट केलंस." त्यांच्याकडून हे म्हणजे खूप झालं.
६.५० वाजता लाल दिवा.
आता मात्र हद्द झाली. माझ्या बाजूने सगळं चोख असताना हा प्रकार. टेकडीवर रेंज येते तिथे जाऊन पप्पूला फोन केला आणि कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं.

३० एप्रिल, बुधवार
पप्पू आला. माझ्यासोबत लाइन बघत बघत शेतात पोचला. पायाने राख बाजूला केली. काळी तार वर आली.
"हे काय राव? लाइन भाजून खाल्ली का?"
राबाखाली वायर आहे, हे मला माहीत होतं. राब पेटवायचा असतो, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत होत्या.
उद्या सुट्टी. नवीन वायर पाच तारखेनंतर येणार. जळक्या प्लॅस्टिकचा वास शेतभर. आबा राखेकडे बघत उभे राहिले. पप्पू मात्र चहा पिताना तीनदा हसला. चौथ्यांदा हसला तेव्हा आईसुद्धा हसली.
तेजू म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा." तिला धीर दिला. मार्ग निघेल.

१ मे, गुरुवार
मार्ग निघाला. टेकडीवर मोबाइलला दोन काड्या रेंज असते, वडाच्या बाजूला तीन. टेबल, खुर्ची आणि उन्हासाठी छत्री वर नेली. मागे दिसायला आबांचं धुतलेलं धोतर बांधणार. जागेवर शेळ्यांच्या लेंड्यांचा थर होता. नाकाला रुमाल बांधून दोन हात लांबी-रुंदीची जागा साफ केली. किळसवाणं काम, पण बहिणीसाठी.
ही व्यवस्था लाइनपेक्षाही चांगली आहे. हे आधीच सुचायला हवं होतं.

२ मे, शुक्रवार
५.५० ला टेकडीवर. धोतर ताणून बांधलं, एक सुरकुती नाही. टेबलाच्या पायाखाली चपटा दगड. साडेनऊला सर्व तयार. सव्वादहाला तेजूला आणायला घरी गेलो.
तेजू घरात नव्हती.
आई म्हणाली, "ती कवाच गेली, सहाच्या गाडीनं. सोनलकडं."
हे कधी ठरलं, विचारलं.
"त्याच दिशी ठरलं व्हतं, तू नगं म्हनलास तवाच."
मला का सांगितलं नाही, विचारलं.
"तुला सांगितलं असतं तर तू सोनलच्या घरची वायर बघाया गेला असतास."
मी घड्याळात पाहिलं. आई म्हणाली, "आन् तू कामात व्हतास. घरात कुनाशी भांडन न्हवतं. म्हनलं, गुतलेला बरा."
अकरा वाजता टेकडीवर होतो. सामान आणायचंच होतं. थोडा वेळ खुर्चीवर बसलो. रेंज पूर्ण वेळ तीन काड्या. नोंद केली.

७ मे, बुधवार
पप्पूने नवी वायर टाकली. सगळी मिळून चाळीस मिनिटं. सातही जोड नव्याने केले, फरसाणाची पिशवी फेकली. लाइन पुन्हा हिरड्यांवरूनच नेली, फक्त झाडांवर थोडी ढिली सोडली. लंकाकाकूंनी त्याला फांदी वाकवून धरली. मीटर: उणे १९.
मी पप्पूला काही सूचना लिहून दिल्या. त्याने कागद खिशात ठेवला.
दुपारी तेजूची निवड झाल्याचं कळलं. सोमवारी हजर व्हायचं आहे.

११ मे, रविवार
निघण्याआधी तेजू मोडेमजवळ बसून अर्धा तास सोनलशी व्हिडिओवर बोलली. चित्र एकदाही थांबलं नाही. दोघी हसत होत्या, कशाला ते कळलं नाही. मी शेजारी दिव्यावर लक्ष ठेवून होतो. हिरवा. शेवटी विचारलं, स्पष्ट दिसतंय का?
"एकदम, दादा," ती म्हणाली. मग फोन ठेवून म्हणाली, "गाडीपर्यंत बॅग तेवढी घेतोस का?"
घेतली. बॅगेचं वजन अकरा किलो. काटा नव्हता, अंदाजाने लिहिलं आहे.