शेगडी कोणी बसवायची

पांतग्लास,
१० ऑगस्ट २००८

प्रिय इद्वालदादास,

सा. न. वि. वि. पत्रास कारण बाबा. कारण नेहमी तेच असतं, तरी लिहिते.

डॉक्टरीणबाई सोमवारी येऊन गेल्या. बाबांची छाती तपासली, मग स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवला आणि तो ओला हात मला दाखवला. असा आणखी एक हिवाळा या छातीला झेपणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. थंडीच्या आत घर ऊबदार करा, नाहीतर गावातल्या वृद्धाश्रमात खोली बघू, म्हणाल्या. बाबांनी विचारलं, तिथे माझ्या मेंढ्यांचीही सोय होईल का. मेंढ्या केव्हाच विकल्या, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. बाई गेल्यावर मात्र ते गंभीर झाले. या घरातून मी आडवाच बाहेर पडेन, असं त्यांनी कुत्र्याकडे बघत मला ऐकवलं.

घर तापवणारी तेलावरची भट्टी बंद पडली ती पडलीच. म्हणून जुन्या चुलखणात लाकडावरची शेगडी बसवायची असं मी ठरवलंय. लाकूड ओढ्याकाठी पडलेलंच आहे. हे काम गावात ज्याला ‘एलिस धुराडं’ म्हणतात तो करतो. पाव विकणाऱ्या आपल्या ‘एलिस पावा’चा थोरला मुलगा तो, तुला आठवेल. त्याच्याकडे परवाना आहे, काम झाल्यावर दाखला देतो. अडचण एवढीच की ऑक्टोबर संपेपर्यंत त्याला फुरसत नाही.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख जानेवारीत आहे. दोनदा मीच पुढे ढकलली. या वेळी ढकलली तर यादीतून नावच काढतील. बाबांची सोय लागल्याशिवाय मी दवाखान्यात जाऊन कशी पडू, ते तूच सांग. जिना मी हल्ली उलटी उतरते.

ग्लेनिसवहिनींना नमस्कार. लोभ असू दे, आणि जमलं तर उत्तरही असू दे.

तुझी,
मेरेरिद

लिव्हरपूल,
१९ ऑगस्ट

प्रिय मेरेरिदला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि मग हसू आलं. तीस वर्षं मी जहाजांच्या पोटात इंजिनं बसवली. आता एका लोखंडी पेटीला नळी जोडायला एलिस पावाच्या पोराची वाट बघायची? बाबांनी जन्मात कधी गवंडी बोलावला नाही. कोकरांची शेडसुद्धा त्यांनी एकट्याने उभी केली. त्यांच्या चुलखणात परका माणूस डोकं घालून बसला, तर छातीआधी त्यांचा जीव त्यानेच जायचा.

स्वतः बसवली तर नगरपालिकेला कळवावं लागतं आणि त्यांचा माणूस तपासायला येतो, हे मी वाचलंय. कळवू सावकाश. पांतग्लासच्या चढावर कोण मरायला येतंय?

हसण्यावारी नेऊ नकोस. मी इतकी वर्षं लांब राहिलो, बाबांचं सगळं तू केलंस. त्यांच्यासाठी माझ्या हातचं असं त्या घरात काहीच नाही, हे मला हल्ली फार खुपतं. एवढं मला करू दे. सप्टेंबरात शेगडी घेऊनच येतो.

गुडघ्याला जप. वहिनी तुझी सारखी आठवण काढते.

तुझा दादा,
इद्वाल

पांतग्लास,
५ ऑक्टोबर

प्रिय दादास,

सा. न. वि. वि. तू सुखरूप पोचलास हे वहिनींच्या फोनवरून कळलं. कंबर कशी आहे? शेकतोस ना?

तू गेल्यापासून मी काजळी पुसते आहे. ती बरणीच्या आत, बायबलच्या पानांत आणि बाबांच्या कानांतसुद्धा निघाली. धुराड्यातून पडलेल्या कावळ्यांच्या घरट्याच्या काटक्या मी गोठ्यात रचून ठेवल्या आहेत. तेवढ्यावर एक आठवडा तरी शेगडी चालेल, शेगडी चालली तर.

रागावू नकोस, पण लिहायलाच हवं. तुझी ती पोलादी नळी धुराड्यात मध्येच अडकून बसली आहे, वर जात नाही की खाली येत नाही. आजोबांनी वरच्या खोलीसाठी धुराडं वाकवलंय, हे आपण दोघंही विसरलो. चुलखण फोडलेलं, वर भोक उघडं, आणि त्यातून वारा असा उतरतो की जेवताना ताटातला पाव उडतो. बाबा मफलर गुंडाळून तिथेच बसतात आणि येईल त्याला सांगतात, माझ्या मुलाने बसवलीय, थोडंसंच राहिलंय. हे ऐकताना मला रडू येतं, दादा. तुझ्यासाठीही येतं आणि माझ्यासाठीही.

एलिसला मी बोलावलंय. परवा येऊन त्याने वर बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही. नळी जाडीने कमी पडली, पण शेगडी चांगली निवडलीय, असं म्हणाला. थंडीच्या आत करून देतो म्हणाला.

तू परत यायचं मनात आणू नकोस. खरंच नको. मला आता एकदाचं होऊन गेलेलं काम हवंय. फार थकले आहे.

माया पातळ करू नकोस एवढीच विनंती.

तुझी,
मेरेरिद

लिव्हरपूल,
२० ऑक्टोबर

चि. मेरेरिदला आशीर्वाद.

पत्र मिळालं. ठीक आहे. दाखलेवाल्यालाच करू दे. कंबर बरी आहे. नळीला बाक आडवा आला हे खरं, पण आणखी दोन दिवस मिळाले असते तर मी मार्ग काढला असता. बाबांना तेवढं सांग.

एक विचारतो. त्याच्या दाखल्यात असं काय आहे जे माझ्या हातात नाही? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

वहिनीचा नमस्कार.

इद्वाल

पांतग्लास,
३० नोव्हेंबर

प्रिय दादास,

सा. न. वि. वि. बाबा आता बरे आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

एलिसने काम देखणं केलं. तुझी नळी कापून काढली, बाकातून वळणारी जाड नळी वरून नीट सोडली, खाली नवी फरशी घातली, धुरातला विषारी वायू खोलीत साचला की वाजणारा भोंगा भिंतीवर लावला. आणि शेगडीला हवा मिळावी म्हणून बाहेरच्या भिंतीला आरपार भोक पाडून त्याला जाळी बसवली. हे भोक कधी बुजवायचं नाही, असं त्याने बाबांना मोठ्याने दोनदा सांगितलं. बाबांनी मान हलवली. मान ते देवळातल्या प्रवचनालाही हलवतात.

मंगळवारी मी दवाखान्यात ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना गेले होते. त्या भोकातून येणारा वारा नेमका बाबांच्या घोट्यांवर लागतो. त्यांनी गोठ्यातलं जुन्या लोकरीचं पोतं सोडलं आणि मूठभर लोकर त्या जाळीत ठासून भरली. आपण काय करत आलो? थंडी लागली की फट दिसेल तिथे लोकर. विकून तर तिचं काही येतच नाही. खिडक्यांत, दारांत यंदा मीच भरली होती. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. वर आग बघायला हवी म्हणून शेगडीचं दार उघडं ठेवून बसले.

मी पोचले तेव्हा कुत्रं आतून दार ओरबाडत होतं. बाबा खुर्चीत मान टाकून होते. गाल असे लालबुंद, की क्षणभर वाटलं, किती दिवसांनी तब्येत सुधारलेली दिसते. भोंगा मात्र भिंतीवर नव्हता. कुठून तरी बारीक किंचाळी येत होती. त्यांनी तो उपटून पावाच्या डब्यात कोंबला होता. बॅटरी संपली म्हणून रडतोय, असं समजले.

त्यांना ओढत अंगणात नेलं. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. दोन दिवस ते दवाखान्यात नाकाला नळी लावून होते, आता घरी आहेत आणि तिथल्या चहाला नावं ठेवतात.

तू म्हणशील, बघ तुझा दाखला. म्हण. एलिस म्हणतो, त्याचं काम चोख होतं, आणि ते होतंच. तू केलं असतंस तरीही लोकर तिथेच गेली असती. कोणाचं बरोबर, याचं मला आता काहीच वाटत नाही. मी त्यांना एकटं सोडून कुठे जात नाही. शेगडीला लाकूड घालायचं, राख काढायची, जाळी बघायची, पुन्हा लाकूड घालायचं. जानेवारीची तारीख रद्द करायला मी काल फोन केला. त्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, आता नाव यादीतून निघेल. मी म्हटलं, निघू दे.

मला काही नको. फक्त सल्ला देऊ नकोस.

जमेल तेवढी आठवण ठेव.

मेरेरिद

पांतग्लास,
७ डिसेंबर

चि. इद्वाल यास ग्विलिमचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी आई लिहायची आणि मी खाली सही ठोकायचो. अक्षर लागलं नाही तर ग्लेनिसकडून वाचून घे.

तुझी बहीण समजते की माझा डावा कान पूर्ण गेला. तिने दवाखान्याला केलेला फोन मी ऐकला. काल डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मेरेरिद गोठ्यात लाकडं आणायला गेली होती. तेवढ्यात मी बाईंना विचारलं, वृद्धाश्रमातली ती खोली अजून रिकामी आहे का. आहे. त्यांना म्हटलं, मी येतो, पण तिची तारीख आधी परत मिळवा. बाईंनी इथूनच फोन लावला आणि त्या गोड आवाजाच्या मुलीला चांगली झापली. तारीख मिळाली. सहा जानेवारी.

मेरेरिदला मी जेवताना सांगितलं. ती माझ्यावर ओरडली. मग रडली. मग टेबलावर डोकं ठेवून तिथेच झोपली, ताटसुद्धा न उचलता. तिला इतकी गाढ झोपलेली मी ती लहान असताना पाहिली होती.

गुरुवारी मला न्यायला येतील. उभा चालत जाणार आहे. मोठा त्याग वगैरे केला असं देवळात सांगत फिरू नकोस. तिथे म्हणे भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. आग दिसत नाही. जेवण अळणी असणार. मला तिथे आवडणार नाही आणि मी ते सगळ्यांना ऐकवणार आहे.

तुम्ही दोघांनी उन्हाळाभर वाद घातलात, शेगडी कोणी बसवायची. मीही तुझी बाजू घेत होतो. ती पेटल्यावर तिच्याकडे रोज कोणी बघायचं, हे आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. ते तिच्याकडे आपोआप गेलं.

तू पाच तारखेला ये. तिला दवाखान्यात ने, परत आण, आणि ती चालू लागेपर्यंत इथे राहा. लाकूड घालायचं, राख काढायची, जाळी मोकळी ठेवायची. एलिस शिकवेल. तो हसला तर हसू दे. तुझ्या हातचं काही या घरात असावं असं तुला वाटतं, ते तिने मला वाचून दाखवलेल्या तुझ्या पत्रावरून कळलं. हेच ते समज.

या स्वयंपाकघरात तुझी बहीण जन्मभर अंगात कोट घालून बसली. ती कोट काढून तिथे बसलेली तू बघ, आणि मग मला येऊन सांग.

दोघांनी एकमेकांवर लोभ ठेवा, माझा आहेच.

ग्विलिम