बुखाऱ्याचं बुखाऱ्याला

अप्पा, अक्का गेली. गेल्या महिन्यात, सकाळच्या वेळी, फार त्रास न होता. तुमच्या शेजारीच, बांधाजवळ तिला माती दिली. जंगमस्वामी आले, भाऊबंद आले, सगळं आपल्या रीतीप्रमाणं झालं. फक्त खड्ड्यात मांडी घालून बसवायची वेळ आली तेव्हा तिचा उजवा पाय दुमडेना. जो गुडघा तरुणपणापासून कधी वाकला नाही तो मेल्यावर कसा वाकावा? पुतण्यांपैकी एकजण म्हणाला, जरा जोर लावला तर बसंल. मी त्याचा हात धरला. शेवटी समोरची माती आणखी खणली आणि पाय सरळ पसरून तिला तशीच बसवली. तेव्हापासून मला तुमचा राग येतो आहे. आधीही यायचा, पण ती होती तोवर मी गिळून टाकत होते, कारण तुमच्याबद्दल वावगं बोललेलं तिला खपायचं नाही. आता ती नाही.

तुम्हाला नारू काय ते सांगायला नको. पण परवा माझ्या नातीनं विचारलं, मोठ्या आजीच्या पायाला झालं तरी काय होतं? तिला सांगताना कळलं की आता हे कुणाला खरंसुद्धा वाटत नाही. पाण्यातनं पोटात गेलेला जीव वर्षभर अंगात वाढतो, मग पायाला फोड येतो, आगीसारखी जळजळ होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढरा दोरा डोकावतो. तो दोरा म्हणजे जिवंत किडा, दीड-दोन हात लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. मधेच तुटला की आत पू होतो आणि माणूस कायमचा अधू होतो. आपल्या गावात मृग लागला की घरटी एकजण तरी पायाला काडी बांधून पडलेला असायचा, ऐन पेरणीत. आणि तुम्ही, गावचे पाटील, म्हणायचा, "नारू हाय म्हून पाऊस हाय." जसं काही दोन्ही आभाळातनंच पडतात.

नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात ते तरुण डॉक्टर आले तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते, अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हैदराबादेत शिकलेले, मुसलमान, सायकलवर औषधांची पेटी बांधून खेडी फिरणारे. गाव त्यांना डागतरसाब म्हणायचं. त्यांनी गावच्या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तुमच्या ओट्यावर उन्हात धरलं, आणि मी दाराआडून पाहिलं, त्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते. नारूचं पिल्लू या ठिपक्यांच्या पोटात असतं, ते म्हणाले; नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, किडा तिथं पिल्लं सोडतो, आणि तेच पाणी सगळं गाव पितं. मग त्यांनी बुखाऱ्याची गोष्ट सांगितली. तिकडं रशियाच्या मुलखात बुखारा म्हणून शहर आहे, तिथंही असेच दगडी पायऱ्यांचे हौद होते, भिस्ती गुडघाभर पाण्यात उतरून पखाली भरायचे, आणि घरोघर नारू होता. तिथल्या डॉक्टरांनी हौद उपसले, पाण्यात उतरणं बंद केलं, आणि थोड्याच वर्षांत नारू गेला. "पाटीलसाब, वहां के लोगां नारू का नाम भूल गये. अपन भी भूल सकते," असं म्हणून त्यांनी एवढंच मागितलं की बारवेच्या पायऱ्यांवर आडवी भिंत घाला आणि वर रहाट बसवा. तुम्ही हसत म्हणालात, "बुखाऱ्याचं बुखाऱ्याला, डागतरसाब. हितं म्हादेव बसलाय." तेही हसले. त्यांना वाटलं तुम्ही थट्टा करताय.

जाताना त्यांनी सांगितलं होतं की भिंत होईपर्यंत निदान बारीक कापड दुहेरी करून पाणी गाळून प्या. अव्वानं, आमच्या आईनं, ते दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा घागरीच्या तोंडाला बांधला. शेजारणींनी पाहिलं, विचारलं, आणि आठवडाभरात आणखी चार घरांत कापडं बांधली गेली. कुणाला विचारायला लागलं नाही, सनद लागली नाही, गवंडी लागला नाही. मग एका दुपारी तुम्ही जेवायला आलात आणि तुमची नजर घागरीवर गेली. "पाटलाच्या घरात पाणी गाळून पितात म्हटल्यावर गावानं काय समजायचं, माझ्या आज्यानं बांधलेल्या बारवेत किडे हायत असं?" एवढं बोलून तुम्ही ते कापड ओढून काढलंत आणि चुलीत टाकलंत. अव्वा तुमच्यासमोर कधी मान वर करायची नाही. त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "लिंगाला गाळून घालता. लेकरांनाच का असं?" तुम्ही रोज गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला पाणी गाळूनच घ्यायचा, अप्पा. आपल्यात ती रीतच होती. बुखाऱ्यापर्यंत जायची गरजच नव्हती, तुमच्या देवघरात सगळं होतं. तुम्ही ताटावरून उठून गेलात. त्यानंतर कुणाच्याच घागरीला कापड दिसलं नाही.

नारूला अंगात वाढायला वर्ष लागतं. हे मला पुढं कळलं, आणि कळलं तेव्हापासून मी ते विसरू शकले नाही. ज्या उन्हाळ्यात कापड जळलं त्याच्या पुढच्या मृगात अक्काच्या गुडघ्याला फोड आला. तिचं लग्न उमरग्याकडं ठरलेलं होतं म्हणून तुम्हाला घाई. शेजारच्या गावातून नारू काढणाऱ्याला आणलंत आणि त्याला म्हणालात, लवकर मोकळी कर पोरीला. त्यानं ओढला, आणि तो आतच तुटला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला, अक्का उशी दातात धरून पडायची. अव्वा म्हणाली, गाडी जुंपा आणि नळदुर्गला न्या. तुम्ही म्हणालात, "परक्या माणसाला पोरीचा गुडघा दावू? लगीन ठरलंय तिचं." कुणीतरी निरोप दिला म्हणून डॉक्टर स्वतः आले. तुम्ही त्यांना ओट्यावरच बसवलंत. आत जाऊ द्या, गुडघ्यातला पू काढला नाही तर सांधा धरून बसेल, असं ते परोपरीनं सांगत होते. माझी सख्खी बहीण समजून बघतो म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. मलमाची डबी तेवढी ठेवून घेतलीत.

सूज उतरली तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. अक्का उठून उभी राहिली, दोन पावलं टाकली, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "आता पाणी कोण आणंल?" मी आणणार होते, दुसरं कोण. पुढं उमरग्याचे लोक आले, पोरीला जरा चालून दाखवा म्हणाले, आणि न जेवता गेले. तुम्ही म्हणालात, नशीब तिचं. तुम्ही हा शब्द उच्चारलात तेव्हा मी भाकरी थापत होते. तिचं नशीब नव्हतं ते, अप्पा. तुमचं बोलणं होतं, तुमचा हात होता, आणि तुमची चूल होती.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर पुन्हा आले. दिवस वाईट होते. रझाकारांच्या बातम्या रोज येत होत्या, गावातली काही कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं गेली होती. तशात एक मुसलमान सरकारी माणूस एकटा सायकलवर आपल्या गावात आला, कारण बारव तळाला गेली होती आणि भिंत बांधायला तीच वेळ होती. नळदुर्गचा गवंडीही त्यांनी तयार ठेवला होता. महादेवाच्या देवळापुढं गाव जमलं. दोघं-तिघं म्हातारे मान हलवत होते. ज्यांच्या घरी तरणी पोरं अधू झाली होती ते तर उघड हो म्हणत होते. मग तुम्ही उठलात. तुम्ही बारवेबद्दल बोललातच नाहीत. "आज बारव मागतो, उद्या देऊळ मागंल," एवढंच म्हणालात. सगळ्यांचे चेहरे फिरले. ज्या माणसानं कुणाचं काही मागितलं नव्हतं तो खाली मान घालून सायकलपाशी गेला. वेशीपर्यंत त्याच्यासोबत कुणी चाललं नाही.

तुम्हाला देवळाची भीती नव्हती. खरं कारण मी घरात ऐकलेलं आहे. डॉक्टर पहिल्यांदा भिंत मागून गेले तेव्हाच तुम्ही अव्वाला म्हणाला होतात की रहाट वर रस्त्याकडंला बसला तर गावाबाहेरच्या वस्तीतले लोकही दोर धरतील, आणि डागतर म्हणतोय त्यांना धरू द्या, न्हायतर ते डबक्यातलं पितील आणि नारू जाणार न्हाय. पायऱ्यांवर कुणी उतरायचं ते तुम्ही ठरवत होतात. रहाटाच्या दोराला ते ठरवता आलं नसतं. एवढ्यासाठी. जातपात न मानणाऱ्या बसवण्णांचं नाव सकाळ-संध्याकाळ घेणाऱ्या माणसानं एवढ्यासाठी आपल्या लेकीचा पाय घालवला.

पावसाळा सरता सरता सोलापूरकडून फौजा आल्या, नळदुर्गच्या रस्त्यानं पुढं गेल्या, आणि निजामाचं राज्य संपलं. गावानं गुलाल उधळला, मीही उधळला. त्या धामधुमीत दवाखान्याला कुलूप लागलं. त्या दिवसांत आपल्या भागात मुसलमानांवर जे गुदरलं ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर सुखरूप हैदराबादेत पोचले की वाटेतच काही झालं, हे कुणालाच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. तुम्ही म्हणालात, "गेली पीडा." पीडा कुठं गेली होती? ती बारवेत तशीच होती.

लग्न होऊन मी सोलापूरला गेले तेव्हा पहिले काही दिवस नळाखाली हात धरून नुसती उभी राहायचे. त्या गल्लीत नारू झालेलं माणूस मला दिसलं नाही. दिवसभराच्या वाटेवर हे होतं, आणि आमचा गाव म्हादेवावर हवाला ठेवून पायाला काड्या बांधत होता. पुढं किती तरी वर्षांनी सरकारची माणसं आपल्या गावात आली, पायऱ्यांवर आडवी भिंत घातली, हातपंप बसवला, घरोघर गाळणीची कापडं वाटली. तेच सगळं, जे एक माणूस सायकलवर येऊन सांगून गेला होता. माझे केस तोवर पांढरे झाले होते. अक्का त्या पंपावर गेली नाही. तिला तिथवर चालवत नव्हतं.

राज्य बदललं त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या पायाला नारू निघाला, ते तुम्ही विसरला नसाल. घोट्याच्या वर. तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात, अव्वालासुद्धा नाही. मला बोलावलंत, माझा हात हलका आहे म्हणून. मला पाटी आणून देऊन अक्षरं तुम्हीच गिरवून घेतली होतीत, तेव्हापासून तुम्ही तसं म्हणायचा. मी रोज सकाळी काडी फिरवायचे, बोटभर दोरा बाहेर यायचा, आणि गावचा पाटील भिंतीकडं तोंड करून हुंदके द्यायचा. माझ्या मनात यायचं, जरा ओढला तर? अक्काच्या गुडघ्यात तुटला तसा इथं तुटला तर? ती पलीकडं एक पाय लांब करून डाळ निवडत बसलेली असायची आणि म्हणायची, "हळू गं, हळू. अप्पांना दुखतंय." तो दोरा पुरता निघाला. तुम्ही पुन्हा चालायला लागलात, आणि मरेपर्यंत त्याच बारवेच्या पायऱ्या उतरत राहिलात.

हे कुणाला दाखवायचं नाही. गादीखाली राहील, मी गेल्यावर सून रद्दीत घालील. तिला वाटतं मी जुने अभंग उतरवून काढते आहे. राग अजून तसाच आहे आणि तो मला सोडायचाही नाही. पण लिहिलं आहे तर हेही लिहिते, हे मी अक्कालासुद्धा कधी सांगितलं नाही: काडी फिरवून झाली की तुमचे डोळे मिटलेले असायचे, आणि मी वाकून तुमच्या पायावर फुंकर घालायचे.