पाकिटाबाहेरच्या पट्ट्या

१५ एप्रिल २०२५, मंगळवार

शिवांजलीची पट्टी वाईट आली! एकच रेघ. माझा विश्वासच बसेना. फलटणच्या आमच्या या भरती अकॅडमीत मुली मोजक्याच, त्यात ही सगळ्यांच्या पुढं पळणारी. चहासुद्धा पीत नाही. आणि सकाळच्या लघवीच्या तपासणीत – चिठ्ठीत नाव निघेल त्या एकाचीच होते ती – तिनं नशा केली म्हणे!

ही पट्टी उलट्या डोक्याची आहे. दोन रेघा आल्या की माणूस स्वच्छ. अंगात नशेचं काही असलं की खालची रेघ उमटत नाही. वरची तेवढी येते, पण ती नुसती पट्टी चालल्याची खूण. म्हणजे जी रेघ दिसत नाही तिच्यावरून पोरीला गुन्हेगार ठरवायचं! नर्सिंगला असताना कधी हा विचार केला नव्हता.

लालासाहेबांनी – आमचे मालक, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त – पट्टी उन्हात धरून बघितली आणि जागच्या जागी निकाल दिला. मैदान बंद. पुढच्या बुधवारी घरच्यांनी येऊन घेऊन जायचं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी महिनाअखेरीला आहे! औंधच्या तिच्या चुलत्यांनी एवढ्या एका भरतीपुरतं सोडलंय, नाहीतर लग्न. ‘ताई, म्या काय बी खाल्लं न्हाई,’ एवढंच म्हणाली. ती रडली नाही. मलाच मेलीला रडू आलं.

१६ एप्रिल

डोक्यातून पट्टी जाईना. शिवांजलीला खोदून खोदून विचारलं. भाकरी, मटकी, मेसचं केळं. खोकल्याचं औषध? नाही. कुणी दिलेली गोळी? नाही. मला ती खोटं बोलतेय असं वाटत नाही. पण मला वाटून काय उपयोग!

एक गोष्ट मात्र खटकतेय. वरची रेघसुद्धा फिकी होती. जानेवारीत मी इथं नर्स म्हणून लागले तेव्हा नवा डबा आला होता, तेव्हा रेघा कशा ठसठशीत यायच्या. आणि तेव्हा पट्टी चकचकीत पाकिटातून निघायची. आता साहेब शर्टाच्या खिशातून उघडीच काढून देतात. मग पाकिटं गेली कुठं?

१७ एप्रिल

विचारलं. ‘पाकिटं कशाला पायजेत? माल हाय की जागेवर.’ झालं उत्तर.

१८ एप्रिल

दोन पट्ट्या मागितल्या, मिळाल्या नाहीत. पोरं बदलतील म्हणून सगळा साठा साहेबांच्या काळ्या पेटीत, कुलपात. वीरधवलला गळ घातली. हा साहेबांचा मुलगा. पोरांना तोच पळवतो, आणि वयामुळं त्याची स्वतःचीही ही शेवटची भरती. म्हणाला, आबांच्या पेटीला मी हात लावत नाही. वर हसून म्हणतो, सोडा की ताई, एका पोरीनं काय मैदान ओस पडतंय? असा राग आला! पण कोडं काही सुटेना, आणि सुटल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

२० एप्रिल, रविवार

सापडलं! निदान मला तरी तसं वाटतंय.

रविवारी इथं इन्स्पेक्शन असतं. पोरं धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारतात, त्यावर पांढऱ्या चादरी अंथरतात आणि आपापलं सामान मांडतात. बूट, मग, ब्रश, पॉलिशची डबी – सगळं दोरी लावून सरळ. मी आपली दर रविवारी खोलीत कपडे धुवत बसायचे. आज मुद्दाम जाऊन उभी राहिले.

शेवटी साहेबांची स्वतःची पेटी आली. शिट्ट्या, स्टॉपवॉच, आणि पट्ट्या! एकूण एक उघड्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत. ओल्या मैदानावर, टळटळीत उन्हात, साहेबांची फेरी संपेपर्यंत. पाकिटं गेल्या महिन्यातल्या एका रविवारी फाडली म्हणे. का, तर पाकीट फुगीर असतं, ओळ वाकडी दिसते! आतल्या त्या दाणे भरलेल्या पुड्या, ओल शोषणाऱ्या, त्या कचरा म्हणून टाकून दिल्या. नंतर पेटी परत पत्र्याच्या खोलीत. आत हात घालून बघितला – तवा नुसता! हसावं का कपाळ बडवून घ्यावं कळेना.

२१ एप्रिल

सकाळीच मुकुलला फोन केला. त्याचं सांगलीत औषधांचं होलसेल आहे, आमच्याबरोबरच शिकलेला. आधी खदाखदा हसला, मग म्हणाला, ‘अगं, पाकीट फाडलं की तासाभरात वापरायची असते ती. ओल आणि उष्णता खाल्ली की खालची रेघ येईलच याची खात्री नाही.’ मी म्हटलं, डब्यावर तारीख तर पुढच्या वर्षाची आहे. तर ती तारीख बंद पाकिटाची! पाकीट फाडलं की तारखेला काही अर्थ नाही. फ्रीजरमध्येही ठेवायची नाही म्हणाला, घरातल्या गार जागी, कोरडी. कितीतरी प्रश्न विचारले मी, बिचाऱ्यानं दुकानातली गिऱ्हाईकं थांबवून सगळी उत्तरं दिली. नवा डबा एसटीनं पाठवतोय.

मग साहेबांकडं गेले. ऐकून लालबुंद झाले. उभ्या नोकरीत माझी एक वस्तू खराब झाली नाही, वगैरे. मी म्हटलं, आवं साहेब, माझी तपासा की मग. तुमच्याच पेटीतली पट्टी, तुमच्यासमोर.

एकच रेघ! इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. नशेबाज ठरून टाळ्या पिटणारी मी पहिलीच असेन. साहेब उठले आणि स्वतःचा नमुना घेऊन आले. त्यांचीही एकच. लांब ठेवून बघितली, जवळ धरून बघितली, चष्मा पुसून बघितली.

‘म्या तर तंबाखू बी सोडलीया, बाई,’ म्हणाले.

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. उठताना म्हणाले, आता तपासणी सगळ्यांची. पोरांची, मास्तरांची, माझी बी. मला माणूस एकदम आवडला.

२२ एप्रिल

डबा आला. माझ्या खोलीत, खिडकीपासून लांब, खालच्या कप्प्यात. साहेब दोनदा बघून गेले. हात लावू दिला नाही!

२३ एप्रिल, बुधवार

दोन रेघा! ठसठशीत, दोन! प्रत्येक पाकीट साहेबांनी सगळ्यांदेखत फाडलं, वापरायच्या क्षणी. शिवांजलीचं सगळ्यांत आधी. खालची रेघ उमटायला लागली तेव्हा मी पट्टीवर वाकलेच.

चुलते तोवर येऊन पोचले होते, सामान न्यायला. साहेब त्यांच्यापुढं ताठ उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी हाय, पोरगी सोन्यासारखी हाय, मैदानी झाल्याबिगर न्यायची न्हाई. चुलते चहा पिऊन रिकाम्या हातानं परतले. शिवांजली त्यांना वाटेला लावायलाही थांबली नाही. बूट चढवले आणि थेट मैदान. मी कडेला उभी राहून रडले. साहेबांचे डोळेही लाल होते, धूळ गेली म्हणाले.

माझी दोन, साहेबांची दोन, पोरंही एकजात स्वच्छ. वीरधवल तेवढा राहिला. विट्याला गेला होता.

२४ एप्रिल

आज वीरधवलची. एकच रेघ. वरची, ठसठशीत. दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच. तो निघून गेला.

साहेबांनी दार लावून घेतलं. ‘बाई, ह्यो डबा बी खराब निघाला म्हणा.’

दोन्ही पाकिटं त्यांनीच माझ्यासमोर फाडली होती. मी अजून काही बोललेले नाही.