करवंदी रंग

राजारामपुरी, कोल्हापूर
मे २००४

प्रिय दीक्षा,

तुझं लग्न ठरल्याचं कळलं. कुणाकडून कळलं ते पुढं येईल. आधी कामाचं लिहिते, कारण तेवढंच मला नीट लिहिता येतं.

हळदीच्या आधी नखांना रंग लावून घेऊ नकोस. पार्लरमध्ये मेंदी, भुवया, नखं सगळं एका बैठकीत उरकायची मुलींना घाई असते. मग हळद लागते. हळदीत तेल असतं. मेंदीवर निलगिरीचं तेल चोळतात, चुडा भरताना कासार हाताला तेल लावतो. नख तेल पितं आणि वरून काही दिसत नाही. अक्षता पडायच्या आत रंगाचा पहिला टवका उडतो, तोही उजव्या हाताच्या बोटाचा, आणि फोटोत नेमकं तेच बोट पुढं असतं. म्हणून आधी चुडा भर. हळद लागू दे. न्हाऊन घे. न्हाल्यावरही लगेच बसू नकोस. पाण्यानं नख फुगतं, वाळलं की आखडतं, वरचा रंग आखडत नाही, त्याला चिरा जातात. केस वाळेपर्यंत थांब. मग प्रत्येक नख रिमूव्हरच्या बोळ्यानं पूस, रंग नसला तरी पूस. पुसलेल्या नखाला पुन्हा बोट लावू नकोस. बाटली हलवायची नाही, तळव्यांत धरून घोळवायची. आधी बेस, मग रंगाचे दोन पातळ हात, मधे वाळायला वेळ. कुंचला नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरव. रंग तिथूनच सुटतो आणि बहुतेक जणी ती धारच विसरतात.

हे मला पार्लरच्या क्लासात कुणी शिकवलं नव्हतं. हुपरीला तुझी आजी चिमणाबाई आणि मी पैंजणांना घुंगरू जोडायचं काम घरी आणत होतो. सांधा जोडायचा तर चांदी आधी स्वच्छ हवी. बोटाचं तेल लागलेल्या जागी सांधा धरत नाही. मी विसरून हात लावला की आजी ओरडायची, लावलास व्हय गं हात, आता बस बोंबलत. रिठ्याच्या पाण्यानं आणि तेजाबानं आमची नखं मुळापर्यंत काळी झालेली असायची. माझ्या लग्नात ती तशीच होती. तुझ्या बाबांनी पहिल्या दिवशी माझा हात उजेडाकडं धरून पाहिला आणि म्हणाले, चांदी मालकाची, काळं तेवढं आपलं व्हय? आणि हसले. दुसऱ्या आठवड्यात महाद्वार रोडवरून त्यांनी नेलपॉलिशची बाटली आणली. ते लावल्यावर खालचं काळं दिसेना. मी कितीतरी वेळ हाताकडं बघत बसले होते.

तू शाळेत जायला लागलीस तेव्हा मी क्लास केला आणि आपण पुढच्या खोलीत पार्लर टाकलं. बोर्ड बाबांनी कृष्णात पेंटरकडून करून घेतला. नाव तुझं घातलं. तू बोर्डाखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस की हे दुकान माझं आहे. पार्लर पुढं, मधे पडदा, पडद्यामागं आपलं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आता त्यांच्या खाली बाबा आहेत आणि बाबांच्या शेजारी तुझा दहावीचा फोटो. त्या पडद्याच्या अलीकडं मी कधी काही टांगलं नाही. धंद्यात बरं असतं, असं बाबाच म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. काही बायकांच्या घरी मला बाहेरचा सोपा ओलांडून आत कुणी बोलावलं नसतं. त्याच बायका हात मात्र देत. मी त्यांचा हात मांडीवरच्या टॉवेलवर घ्यायची आणि त्या सासूबद्दल, नवऱ्याबद्दल सगळं सांगायच्या. तू पडद्याला धरून हे बघत मोठी झालीस. त्यातून तू काय शिकलीस ते मला उशिरा कळलं.

गगनबावड्याला गेलो होतो ते तुला आठवतं का? एस. टी. घाटाच्या तोंडाशी थांबली आणि बाबांनी तुला पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन दिली. तोंड, हात, फ्रॉक, सगळं रंगलं. घरी आल्यावर तू हात धुवू देईनास. हाच रंग नखाला पाहिजे म्हणून रडलीस. मी मरून रंगाच्या बाटलीत जांभळा थेंब थेंब घालून बघत बसले, तू शेजारी बसून अजून, अजून म्हणत होतीस. शेवटी जुळला. तू चिठ्ठीवर करवंदी असं लिहून बाटलीला चिकटवलंस. तो रंग बाजारात नाही. संपला की मी तसाच पुन्हा करते आणि चिठ्ठी नव्या बाटलीवर चिकटवते. तुझ्या अक्षरातला व आता पुसट झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी तू पुण्याहून आलीस ते शेवटचं. मी स्टँडवर घ्यायला आले होते. तुझ्याबरोबर एक मुलगा उतरला. उंच, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. मी पिशवीला हात घातला आणि तू त्याला म्हणालीस, राजवीर, या शालनमावशी, आमच्या शेजारी राहतात. तो वाकून पाया पडला. मी काय म्हणायला हवं होतं? बरं हाय का बाबा, असं म्हणाले. शेजारीण म्हणेल तसंच म्हणाले. तो गेल्यावर रिक्षात तू बाहेर बघत होतीस. घरी आल्यावर मी पिठलं केलं. तू जेवलीस. दुसऱ्या दिवशी जाताना ऑफिसमध्ये फोन करू नकोस एवढं सांगितलंस. तुझं आडनाव हुपरीकर झाल्याचं मला बँकेच्या एका पाकिटावरून आधीच कळलं होतं. माझ्या माहेरचं गाव तरी तू घेतलंस असं तेव्हा मनाला समजावलं होतं. त्यानंतर दिवाळीला तुझा फोन आला. नंतर तोही आला नाही.

गेल्या मंगळवारी एक बाई पार्लरमध्ये आल्या. कुरुंदवाडच्या हंबीररावांच्या घरातल्या, आता ताराबाई पार्कात राहतात. आत येतानाच मोठ्यानं म्हणाल्या, काय गं, तुझं नेलपॉलिश म्हनं टिकतंय? माझं तर दुसऱ्या दिवशी पापडावानी निघतंय. मी त्यांना बसवलं. त्यांचं का निघतं ते हात बघूनच कळलं. हात पाण्यात बुडवून लगेच रंग लावून घेत असणार, वर घरी गेल्यावर तुपातल्या पोळ्या. मी भिजवणं वगळलं. नुसतं कानसलं, पुसलं. त्या बोलत होत्या. भाच्याचं लगीन हाय फुडच्या आठवड्यात, पुण्यात. राजवीरचं. नाव ऐकून मी मान वर केली नाही. राजवीर पुष्कळ असतात.

त्या सांगत गेल्या. पोरगी लई शिकलीया, काँप्युटरात हाय. रंगानं सावळी, पर नाकीडोळी नीट. आईबाप न्हाईत बिचारीला. आई तर ल्हानपनीच गेली म्हनं. मामाच्या दारात वाढली. माझ्या भावजयीनं जरा नाक मुरडलं, कुळ न्हाई मूळ न्हाई म्हनून, तर पोरानं जेवनच सोडलं. मग काय करतीया. कन्यादानाला पोरीच्या मैत्रिनीचं आईबाप उभं ऱ्हानार हाईत. नाव दीक्षा. आमच्या शेजारच्या जैनांच्यात बी हाय की एक दीक्षा.

तेव्हा मी बेस लावत होते. डाव्या हाताची करंगळी चालली होती. ती पुरी केली.

वर पंखा चालू होता आणि पडदा हलत होता. एकदा तो इतका उचलला गेला की बाबांच्या फोटोची चौकट मला दिसली. बाईंची पाठ तिकडं होती, पण समोर आरसा आहे. मी उठून पंखा बंद केला. वाऱ्यानं रंगात बुडबुडे येतात असं सांगितलं. ते खरंही आहे. उकडतंय की गं, जीव घेतीस का, असं त्या म्हणाल्या आणि पदरानं गळा पुसायला गेल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला.

थांब, फोटूच दावते, पर्समध्ये हाय, माझी बोटं वली हाईत, तूच काढ. असं त्यांनी म्हटल्यावर मी पर्स उघडली. रुमालाखाली पाकीट होतं. हिरवी साडी, केस मोकळे, वजन थोडं उतरलंय. तू कुणाकडं तरी बघून हसते आहेस, कॅमेऱ्याकडं नाही. डावा हात दिसतो. नखं कापलेली, रंग नाही. कशी हाय? त्यांनी विचारलं. चांगली आहे, मी म्हणाले. मग आता ठिव की परत, बघत काय बसलीयास. मी फोटो रुमालाखाली ठेवला आणि पर्सची चेन लावली.

रंग त्यांनीच निवडला. फळीवरून बोट फिरवत थांबल्या आणि म्हणाल्या, ह्यो कसला गं, ह्यो कुठं बघितला न्हाई, ह्योच लाव. मला नको म्हणता आलं असतं. बाटली वाळली आहे असं सांगता आलं असतं. मी चिठ्ठीवर अंगठा ठेवून बाटली तळव्यांत घोळवली.

रंग वाळेपर्यंत त्यांनी मला बरोबर चलायला सांगितलं. गाडीत जागा हाय. आमच्या बायकांची हातं कर, नवरीचीबी तूच कर. आई न्हाई पोरीला, हात धरायला कोन तरी बाईमानूस नको व्हय? मी म्हणाले, सांगते. निघताना दारात चपला घालताना त्यांचं लक्ष वर गेलं. अगं, बोर्डावर बी दीक्षाच की! कुनाचं नाव? आधीच्या मालकिणीचं, मी म्हणाले. मेली का काय? नाही, पुण्याला गेली. त्या खळखळून हसल्या. मग ती मेल्यावानीच बघ, पुन्याला गेलेलं मानूस माघारी येतंय व्हय.

दोन दिवस मी ते मनात धरून काम केलं. तू समोर बसली असतीस. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर तुझा हात. दोन्ही हातांना अर्धा-पाऊण तास लागतो, सावकाश केलं तर जास्त. तुझ्या उजव्या अंगठ्यावर अडकित्त्याची खूण आहे, तिथं नख जरा उंच वाढतं, ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. मी बॅगेत कुंचले भरलेही होते. मग डोळ्यांसमोर आलं की त्या खोलीत बायका भरलेल्या असतील. त्यांतली एखादी माझ्या तोंडाकडं बघेल आणि मग तुझ्या. आजी म्हणायची तुझी हनुवटी माझ्यावरच गेली आहे. मी गुरुवारी त्यांना फोन करून जमत नाही म्हणून कळवलं. लई मिजास बाई तुझी, म्हणाल्या आणि फोन ठेवला. बोर्ड उतरवायला कृष्णातला सांगितलं आहे. नवीन नाव काय घालू, त्यानं विचारलं. नुसता पांढरा दे म्हणाले.

तर तुझे हात दुसरी कुणी तरी करील. म्हणून वरचं सगळं लिहिलं. पण त्यासाठीच लिहिलेलं नाही. राजवीरला काय ठाऊक आहे मला माहीत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ही बाई त्याची आत्या. हळद लावायला ती पुढं येईल, ओवाळायचं ताट धरील, आणि तिच्या दहाही बोटांना तुला करवंदी दिसेल. तो कुठून आला हे त्या मांडवात फक्त तुला कळेल. तेव्हा घाबरू नकोस. मी काही सांगितलेलं नाही. मी तिथं आलेली नाही, वळून शोधू नकोस. शेवटचा हात द्यायच्या आधी माझ्या मनात आलं होतं की तिच्या नखांवरून तेलाचं बोट फिरवावं, म्हणजे गाडीतच टवके उडतील आणि तुला काही दिसायचंच नाही. ते माझ्यानं झालं नाही. मी ते चांगलं लावलं आहे. लग्न होऊन पाहुणे आपापल्या घरी जाईपर्यंत तो रंग निघणार नाही. तेवढं तुला सोसावं लागेल. हे तुझ्या मैत्रिणीच्या, स्नेहलच्या पत्त्यावर घालते, तिचे आईवडील तुझ्यामागं उभे राहतायत, त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस. वाचून झालं की फाडून टाक. खाली नाव घालत नाही.

तुझीच